स्मोकीजला जाताय? मग केड्स कोव्हमधली रिकामी घरं नीट बघा

(ऑडिओ ऐकायला वेळ नसलेल्यांसाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलताना आलेले "म्हणजे" आणि "ॲक्च्युअली" जमतील तेवढे काढलेत. सगळे निघालेले नाहीत.)

अमेरिकेच्या पूर्व भागात राहणाऱ्या आपल्या मराठी पोरांचे व्हॉट्सॲप ग्रुप तुम्हाला माहीतच असतील. लाँग वीकेंडच्या दोन आठवडे आधी तिथे एक ठरलेला मेसेज पडतो: "स्मोकीजला कोण कोण येतंय?" अटलांटा, शार्लट, नॅशव्हिल, कुठूनही निघालात तरी गाडीने चार तासांच्या आसपास. मग आठ-दहा जणांत एक मोठी केबिन, हॉट टब, रात्री पत्ते, सकाळी मॅगी. आणि एक अर्धा दिवस "केड्स कोव्ह"साठी, कारण तिथे अस्वल दिसतं असं कुणीतरी सांगितलेलं असतं.

केड्स कोव्हमध्ये अस्वल दिसतंही. पण रस्त्याच्या कडेला जी जुनी लाकडी घरं, गोठे, चर्च आणि एक पाणचक्की उभी आहे, त्यांच्याकडे बहुतेक गाड्या दहा सेकंद बघतात आणि पुढे सरकतात. "एक बघितलं की सगळी बघितली." हे वाक्य मी किमान तीन वेगवेगळ्या ग्रुपमध्ये ऐकलंय. आजचा भाग त्या वाक्यावर आहे. ही घरं इथे का आहेत, कुणाची होती, कशी बांधलीत आणि आज रिकामी का आहेत, हे माहीत असेल तर तीच चक्कर पूर्ण वेगळी वाटते. आणि हो, थोडी अस्वस्थही करते.

आधी जागा समजून घेऊ

ग्रेट स्मोकी माउंटन्स नॅशनल पार्क टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलायना या दोन राज्यांच्या सीमेवर आहे. स्थापना १९३४. अमेरिकेतल्या सगळ्या नॅशनल पार्कांमध्ये सर्वात जास्त गर्दी इथे होते. वर्षाला सव्वा कोटीच्या आसपास लोक येतात, ग्रँड कॅन्यनपेक्षा कितीतरी जास्त. एक कारण अगदी साधं आहे: इथे प्रवेश शुल्क नाही. डोंगर ओलांडणारा मुख्य रस्ता टेनेसीने केंद्र सरकारकडे सोपवला तेव्हाच अट घातली की यावर कधीही टोल लावायचा नाही. ती अट आजही पाळावी लागते. पार्किंगचे पैसे मात्र २०२३ पासून सुरू झालेत, ते शेवटी सांगतो.

"कोव्ह" म्हणजे या भागातल्या बोलीत चारही बाजूंनी डोंगर आणि मध्ये सपाट जमीन असं खोरं. आता डोंगरात इतकी सपाट आणि सुपीक जमीन आली कुठून? साधारणपणे खडकांचा नियम असा की जुना खडक खाली, नवा वर. इथे उलटं झालंय. भूखंडांच्या रेट्याने जुने खडक सरकत येऊन नव्या चुनखडीवर चढून बसले. मग लाखो वर्षांच्या झिजेने वरच्या जुन्या खडकाला जणू खिडकी पडली आणि खालची चुनखडी उघडी झाली. भूगर्भशास्त्रात याला खरोखर "विंडो"च म्हणतात. चुनखडी विरघळते, तिची माती खोल आणि कसदार होते. आजूबाजूच्या उतारांवर दगडगोटे आणि इथे मक्याला लागेल तशी जमीन. सगळी पुढची गोष्ट या मातीमुळे घडली.

भोपळ्याची गोष्ट

इथले मूळ लोक चेरोकी. या खोऱ्याला त्यांच्या भाषेत जे नाव होतं त्याचा अर्थ "पाणमांजरांची जागा". १८१८ मध्ये जॉन ऑलिव्हर आणि त्याची बायको लुक्रीशिया हे जोडपं इथे येऊन राहिलं. तेव्हा कायद्याने ही जमीन चेरोकींचीच होती. जमीन सोडण्याचा करार झाला तो पुढच्या वर्षी, १८१९ मध्ये. म्हणजे आपल्या भाषेत सांगायचं तर अतिक्रमण आधी, सातबारा नंतर.

पहिल्या हिवाळ्यात ऑलिव्हर कुटुंबाकडे खायला काही नव्हतं. चेरोकींनी त्यांना वाळवलेला भोपळा दिला आणि त्यावर ते जगले, ही आठवण त्या घराण्यात पिढ्यान् पिढ्या सांगितली गेली. आता यातला पीळ बघा. जॉन ऑलिव्हर १८१२ च्या युद्धाच्या काळात अँड्र्यू जॅक्सनच्या हाताखाली लढलेला सैनिक. त्याच जॅक्सनच्या बाजूने १८१४ च्या हॉर्सशू बेंडच्या लढाईत चेरोकीही लढले होते. आणि हाच जॅक्सन पुढे राष्ट्राध्यक्ष झाल्यावर १८३० मध्ये मूळ रहिवाशांना मिसिसिपीच्या पलीकडे हलवण्याचा कायदा आला. १८३८ मध्ये सैन्याने चेरोकींना घराघरातून बाहेर काढलं. त्या वाटचालीत हजारो माणसं मेली. "ट्रेल ऑफ टिअर्स" म्हणतात ती हीच.

काही चेरोकी मात्र डोंगरात टिकून राहिले. त्यांचे वंशज आज पार्कच्या नॉर्थ कॅरोलायनाच्या बाजूला, चेरोकी नावाच्या गावात आणि आसपास राहतात. पार्कमधल्या सगळ्यात उंच शिखराला कितीतरी वर्षं "क्लिंगमन्स डोम" म्हणत. सप्टेंबर २०२४ मध्ये त्याचं मूळ चेरोकी नाव "कुवोही" अधिकृतपणे परत आलं. गुगल मॅपवर जुनं नाव शोधून गोंधळू नका.

खोरं पुढे भराभर भरलं. १८५० च्या जनगणनेत इथे साडेसहाशेच्या वर माणसं होती. मग नवी जमीन शोधत बरीच कुटुंबं पश्चिमेला गेली आणि दहा वर्षांत संख्या निम्म्याहून खाली आली. पुढे यादवी युद्ध झालं. टेनेसी राज्य दक्षिणेकडे गेलं, पण या खोऱ्यातले बहुतेक लोक उत्तरेच्या, युनियनच्या बाजूचे. डोंगराच्या पलीकडून दक्षिणेच्या बंडखोर टोळ्या येऊन जनावरं, धान्य लुटून नेत. रसेल ग्रेगरी नावाच्या म्हाताऱ्याने गावकऱ्यांना एकत्र करून अशी एक टोळी परतवून लावली आणि नंतर १८६४ मध्ये टोळीवाल्यांनी त्याचा खून केला. प्रिमिटिव्ह बॅप्टिस्ट चर्चच्या आवारात त्याची कबर आहे. त्याला कुणी मारलं हे त्या दगडावर स्पष्ट कोरलेलं आहे. कोरणाऱ्यांनी शब्द सौम्य केलेले नाहीत. तो दगड शोधाच.

घर एक नसतं

आता घरांकडे येऊ. आपण "फार्मस्टेड" म्हणतो तेव्हा डोळ्यासमोर एक घर येतं. पण शेतकऱ्याचं घर म्हणजे कधीच एक इमारत नव्हे. आपल्याकडेही घर, गोठा, परडं, कणगी, चूल वेगळी, न्हाणी वेगळी. इथेही तसंच. मक्याचं कोठार, ज्याच्या फळ्यांमध्ये मुद्दाम फटी ठेवलेल्या, म्हणजे हवा खेळून कणसं सुकतील. मांस मिठात मुरवून टिकवायचं बंदिस्त स्मोकहाऊस. झऱ्यावर बांधलेलं छोटंसं स्प्रिंगहाऊस, ज्यात वाहत्या गार पाण्यात दूध-लोण्याची भांडी ठेवायची. फ्रिज नाही, वीज नाही, बिल नाही. एलायजा ऑलिव्हरच्या जागी (हा त्या पहिल्या जोडप्याचा मुलगा) हा सगळा संच नीट बघायला मिळतो. रस्त्यापासून थोडं चालावं लागतं म्हणून तिथे गर्दी कमी. माझ्या मते अख्ख्या लूपवर एकच थांबा घ्यायचा असेल तर हा घ्या.

त्या घराच्या ओसरीचा एक भाग बंद करून खोली केलेली आहे. तिला "स्ट्रेंजर रूम" म्हणत. रात्री कुणी अनोळखी वाटसरू आला तर त्याला झोपायला. जवळपास हॉटेल नाही, डोंगरात अंधार पडलेला, माणसाला परत पाठवणार कुठे? ही खोली बघून मला आपल्याकडच्या पडवीवर टेकणारे पांथस्थ आठवले. फरक इतकाच की इथे पाहुण्याला दार आणि भिंत मिळे.

बांधणी बघायची असेल तर घराच्या कोपऱ्याशी जाऊन उभे राहा. सगळी हुशारी कोपऱ्यात आहे. ओंडके आधी रुंद पात्याच्या कुऱ्हाडीने तासून दोन बाजूंनी सपाट केलेले असतात. हात न लावता नीट बघा, कुऱ्हाडीचे वार आजही दिसतात. मग प्रत्येक ओंडक्याच्या टोकाला तिरकी खाच. वरची बाजू उतरती, खालची आडवी. याला "हाफ डव्हटेल" म्हणतात. एकावर एक ओंडका बसला की वरच्याचं वजनच खालच्याला जागेवर दाबून धरतं. खिळा नको, बोल्ट नको. शिवाय उतार बाहेरच्या बाजूला असल्यामुळे पावसाचं पाणी सांध्यात न मुरता बाहेर ओघळतं, त्यामुळे टोकं कुजत नाहीत. एका खाचेत दोन प्रश्न सुटले. आम्ही कोड लिहिणारे ज्याला "एलिगंट" म्हणतो, ते हेच. ओंडक्यांमधल्या फटी मातीने लिंपायच्या, छपराला लाकडाच्या चिरफळ्या, एका बाजूला दगडाचं धुराडं. सगळ्यात जुनं समजलं जाणारं जॉन ऑलिव्हरचं घर असंच आहे. एक खोली, वर माळा. त्या एवढ्याशा जागेत मोठं कुटुंब राहायचं.

गोठ्यांमध्ये एक खास प्रकार आहे, "कँटिलिव्हर बार्न". खाली ओंडक्यांच्या दोन चौकोनी खोल्या आणि त्यांच्यावर त्यांच्यापेक्षा खूप मोठा माळा, चारही बाजूंना हवेत पुढे आलेला. खांब नाहीत. खालच्या तुळयाच लांब काढून त्यांच्यावर वरचा डोलारा तोललेला. वर गवत, खालच्या खोल्यांत जनावरं आणि पुढे आलेल्या भागाखाली गाड्या, अवजारं, पावसात उभी राहिलेली गाय. असे गोठे जगात फारसे सापडत नाहीत. बहुतेक सगळे टेनेसीच्या या दोन-तीन तालुक्यांएवढ्या भागातच आहेत. टिप्टन यांच्या जागेवरचा जो गोठा सगळे इन्स्टावर टाकतात तो मात्र १९६८ मध्ये बांधलेली प्रतिकृती आहे. जुना हवा असेल तर केबल मिलपाशी बघा.

केबल मिल ही पाणचक्की. जॉन केबलने यादवी युद्धानंतरच्या काही वर्षांत बांधलेली. एका ओढ्याचं पाणी पुरेना म्हणून त्याने चर खणून दुसऱ्या ओढ्याचं पाणी वळवून आणलं. लाकडी पन्हळीतून ते पाणी उभ्या चाकाच्या डोक्यावर पडतं, चाकाच्या खणांत भरतं, आणि पाण्याच्या जोरापेक्षा त्याच्या वजनाने चाक फिरतं. आत दाते असलेली चाकं वेग वाढवतात आणि वरची तळी फिरते. पुढचं सगळं आपल्या जात्यासारखंच, फक्त खुंट्याला हात लावायला कुणी नको. दळणावळीचा हिशोब पैशांत नसे, चक्कीवाला पिठातलाच हिस्सा काढून घेई.

डोंगरात वर, रोअरिंग फोर्क रस्त्यावरच्या बड ओगल यांच्या जागेवर याच्याही आधीच्या पद्धतीची छोटी "टब मिल" आहे. तिचं चाक आडवं, थेट तळीच्याच आसाला जोडलेलं. वेग कमी, पण एका कुटुंबापुरतं पुरे. छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की पाहिली असेल तर हा आडव्या चाकाचा मामला लगेच कळेल.

चर्चही बघा, पण सगळी नाही बघितली तरी चालेल. मेथडिस्ट चर्चची गोष्ट मजेशीर आहे. एका लोहारकाम करणाऱ्याने ११५ दिवसांत, ११५ डॉलरमध्ये बांधून दिलं आणि नंतर तोच तिथला धर्मगुरू झाला.

मग ही माणसं गेली कुठे?

इथून पुढचं थोडं लक्ष देऊन ऐका. आता वाचताय, तर वाचा.

यलोस्टोनसारखे पश्चिमेचे पार्क झाले तेव्हा तिथली बरीचशी जमीन आधीच सरकारी होती. (ती सरकारी कशी झाली, हा वेगळा एपिसोड.) स्मोकीजमध्ये तसं नव्हतं. इथे सहा हजारांहून जास्त तुकडे खाजगी मालकीचे. काही मोठे, लाकूड कंपन्यांचे. बाकी हजारो छोटे, शेतकऱ्यांचे. १९२० च्या दशकात नॉक्सव्हिल आणि ॲशव्हिलच्या व्यापारी मंडळींनी पार्कसाठी मोहीम सुरू केली. मोटारी आल्या होत्या, पर्यटन दिसत होतं, आणि लाकूड कंपन्यांनी डोंगरच्या डोंगर बोडके केले होते, हेही खरं. पैसा दोन्ही राज्यांनी दिला, शाळकरी मुलांनी सुटी नाणी गोळा करून दिली, आणि तरीही कमी पडल्यावर १९२८ मध्ये जॉन डी. रॉकफेलर ज्युनियर यांनी आपल्या आईच्या स्मरणार्थ ५० लाख डॉलर दिले.

केड्स कोव्हच्या लोकांना सुरुवातीला सांगितलं गेलं की तुमच्या जमिनी सक्तीने घेणार नाही. काहींनी त्या भरवशावर पार्कला पाठिंबाही दिला. मग १९२७ मध्ये टेनेसीने कायदा करून सक्तीच्या भूसंपादनाचा अधिकार पार्क कमिशनला दिला. तेव्हा खोऱ्याच्या वाटेवर एक पाटी लागली. पार्कच्या मोहिमेचे पुढारी कर्नल चॅपमन यांना उद्देशून. मजकुराचा आशय: खोऱ्यातल्या लोकांच्या नादी लागू नका, ४० मैलांच्या आत फिरकू नका. पाटीतलं स्पेलिंग चुकीचं होतं, राग बरोबर होता.

सगळ्यात चिवट लढला तो जॉन डब्ल्यू. ऑलिव्हर. पहिल्या जोडप्याचा पणतू. आता "डोंगराळ भागातला अडाणी शेतकरी" असं चित्र डोळ्यासमोर आलं असेल तर ते पुसा. हा माणूस पोस्टमन होता, प्रगत शेती करायचा, पर्यटकांसाठी राहायची सोय चालवायचा आणि प्रिमिटिव्ह बॅप्टिस्ट चर्चचा धर्मगुरूही होता. स्थानिक कोर्टात तो जिंकला. राज्याच्या सुप्रीम कोर्टात हरला. मग भरपाईच्या रकमेवर लढला. वर्षावर्षाच्या भाड्याने स्वतःच्याच जमिनीवर राहिला. शेवटी १९३७ च्या नाताळात त्याने घर सोडलं. पणजोबा आल्याला तेव्हा ११९ वर्षं झाली होती.

काहींना आजन्म भाडेकरार मिळाले. मात्र शाळा १९४४ मध्ये बंद झाली, पोस्ट ऑफिस १९४७ मध्ये. खोऱ्यातला शेवटचा रहिवासी १९९९ मध्ये वारला. अख्ख्या पार्कसाठी हजारो माणसं उठली. २ सप्टेंबर १९४० रोजी न्यूफाउंड गॅपच्या खिंडीत राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी पार्क "लोकांना अर्पण" केलं. कोणत्या लोकांना, असा प्रश्न तिथल्या कुणी विचारला असेल तर तो भाषणाच्या नोंदीत नसणारच.

आता मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट. सुरुवातीला पार्कचा विचार होता की खोरं रिकामं करून पुन्हा जंगल होऊ द्यायचं. नंतर मत बदललं आणि १९४० च्या दशकात ठरलं की हे "ऐतिहासिक" खोरं म्हणून जपायचं. पण इतिहास कोणता? १९३० च्या सुमाराला इथले बरेच लोक ओंडक्यांच्या घरात राहतच नव्हते. करवतीने कापलेल्या फळ्यांची, रंग दिलेली, नीट खिडक्यांची घरं होती. खोऱ्यात १८९० च्या दशकातच टेलिफोनची तार आली होती, गावकऱ्यांनी स्वतः टाकलेली. मोटारी होत्या. ही नवी घरं पार्कने बहुतेक पाडली. ओंडक्यांची जुनी ठेवली, काही दुरुस्त करून, काही दुसरीकडून उचलून आणून. केबल मिलच्या आवारात आज जे सुंदर छोटं शेतघर-संकुल दिसतं, त्यातली खुद्द चक्की सोडली तर बाकी इमारती इतर ठिकाणांहून हलवलेल्या आहेत. तिथलं बेकी केबलचं फळ्यांचं घर हे त्या पाडापाडीतून वाचलेल्यांपैकी एक, म्हणून त्याच्याकडे नीट बघा.

याचा परिणाम काय? वर्षाला वीस लाखांच्या आसपास माणसं या लूपवरून जातात आणि बहुतेकांना वाटतं की इथले लोक शेवटपर्यंत जगापासून तुटून, कंदिलाच्या उजेडात जगले. पोस्टमन ऑलिव्हर या चित्रात कुठेच बसत नाही. आम्ही जुना कोड काढून टाकताना निदान हिस्टरी ठेवतो. इथे मधली चाळीस-पन्नास वर्षंच काढून टाकली आणि उरलेलं "ओरिजिनल" म्हणून दाखवलं.

एका श्रोत्याने मागे विचारलं होतं, मग पार्क नको होतं का? माझं उत्तर: पार्क हवंच होतं. लाकूड कंपन्यांच्या हातात ते डोंगर राहिले असते तर आज बघायला काही उरलं नसतं. पण पार्क हवं होतं म्हणून त्याची किंमत कुणी मोजली हे सांगायला लाजायचं कारण नाही. कोयना, चांदोली, मेळघाट ही नावं ऐकत मोठे झालेल्या आपल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

पार्कमधली बाकीची घरं

केड्स कोव्हच्या बाहेरही बघण्यासारखं बरंच आहे. लिटल ग्रीनब्रायरमधलं वॉकर बहिणींचं घर घ्या. पाच अविवाहित बहिणी, आईवडिलांच्या घरात राहणाऱ्या, स्वतः सूत कातणाऱ्या. पार्क झालं तरी हलल्या नाहीत. शेवटी जमीन ४,७५० डॉलरना विकली, पण मरेपर्यंत राहण्याच्या अटीवर. १९४६ मध्ये एका मोठ्या साप्ताहिकाने त्यांच्यावर लेख छापला आणि लोकांची रीघ लागली. बहिणींनी आधी पाहुण्यांना हौसेने घर दाखवलं, वस्तू विकल्या. नंतर वय झाल्यावर पार्कलाच कळवलं की आता ती स्वागताची पाटी काढा. व्हायरल होण्याचा थकवा १९४६ मध्येही असाच होता. शेवटची बहीण लुईसा १९६४ मध्ये गेली. गाडी घरापर्यंत जात नाही, चालत जावं लागतं. पाऊण-एक तास. जा.

नॉर्थ कॅरोलायनाच्या बाजूला कॅटालूची खोरं आहे. इथे फळ्यांची रंगवलेली घरं टिकून आहेत, त्यामुळे मघाशी सांगितलेली कसर थोडी भरून निघते. कॉल्डवेल यांचं घर बघा म्हणजे विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा सुखवस्तू शेतकरी कसा राहायचा ते कळेल. २००१ मध्ये इथे एल्क हरणं परत आणून सोडली, सकाळी-संध्याकाळी कुरणात येतात. रस्ता अरुंद, कच्चा, वळणांचा. सप्टेंबर २०२४ च्या हेलीन वादळात त्या भागातल्या रस्त्यांचं मोठं नुकसान झालं, म्हणून निघण्याआधी पार्कच्या वेबसाइटवर रस्त्याची स्थिती बघाच.

वेळ कमी असेल तर चेरोकी गावाजवळचं ओकोनालफ्टी इथलं माउंटन फार्म म्युझियम. वेगवेगळ्या ठिकाणच्या इमारती आणून मांडलेलं एक अख्खं शेत. तिथलं डेव्हिस यांचं घर चेस्टनटच्या लाकडाचं आहे. या डोंगरांत एके काळी चेस्टनटची प्रचंड झाडं होती. माणसं त्याची फळं खात, विकत, डुकरं त्यावरच पोसत. बाहेरून आलेल्या बुरशीच्या रोगाने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ती सगळी उभी मेली. म्हणजे ते घर ज्या झाडांचं आहे तसं जंगलही आता नाही.

आणि फाँटाना तलावाची उत्तर बाजू. दुसऱ्या महायुद्धात विजेसाठी धरण बांधलं, गावांचा रस्ता पाण्याखाली गेला, लोक उठले. १९४३ मध्ये सरकारने करार केला की तुमच्या पूर्वजांच्या कबरींपर्यंत जायला नवा रस्ता देऊ. काही मैल रस्ता आणि एक बोगदा झाला, आणि काम थांबलं. बोगद्याच्या पलीकडे रस्ताच नाही. स्थानिक लोक त्याला "रोड टू नोव्हेअर" म्हणतात. २०१० मध्ये सरकारने रस्त्याऐवजी ५ कोटी २० लाख डॉलर द्यायचं कबूल केलं. त्या कुटुंबांचे वंशज आजही उन्हाळ्यात ठरलेल्या दिवशी बोटीने तलाव ओलांडून कबरींवर फुलं वाहायला जातात.

आता कामाचं

केड्स कोव्हचा लूप ११ मैलांचा, एकेरी. कागदावर पाऊण तास, प्रत्यक्षात दोन ते चार तास. ऑक्टोबरच्या शनिवारी त्याहून जास्त. एक अस्वल दिसलं की मागे शंभर गाड्या. तुम्ही बघायला थांबणार असाल तर गाडी बाजूच्या जागेत घ्या, रस्त्यात नको. अस्वलापासून किमान ५० यार्ड लांब, सेल्फीसाठीही. सूर्योदयाला गेट उघडतं तेव्हा पोहोचलात तर धुकं, हरणं आणि शांतता तिन्ही मिळतात. लूपच्या मध्यात दोन आडवे रस्ते आहेत, स्पार्क्स लेन आणि हायट लेन. अडकलात तर तिथून वळा.

पंधरा मिनिटांपेक्षा जास्त गाडी लावायची असेल तर पार्किंग टॅग लागतो: दिवसाला ५ डॉलर, आठवड्याला १५, वर्षाला ४०. पार्कमध्ये पेट्रोल पंप नाही, त्यामुळे टाउनसेंडला किंवा गॅटलिनबर्गला टाकी भरून घ्या. फोनला रेंज जवळपास नाहीच. नकाशा आधी डाउनलोड करा, हा एपिसोडसुद्धा. लूपच्या सुरुवातीला अगदी थोड्या पैशांत छापील पुस्तिका मिळते, ती घ्या; प्रत्येक थांब्याचा नंबर आणि माहिती त्यात आहे. स्वच्छतागृह सुरुवातीला कॅम्पग्राउंडपाशी आणि मग थेट केबल मिलला.

आणि एक विनंती. जॉन ऑलिव्हरच्या घरात आत शिरलात की भिंतीवर शेकडो नावं कोरलेली दिसतील. बदाम, तारखा, कॉलेजांची नावं. मी देवनागरीत एकही शोधली नाही, मुद्दाम नाही. तिथे आपलं काही दिसू नये एवढंच.

मे ते सप्टेंबर दर बुधवारी लूपवर गाड्यांना बंदी असते. सायकल भाड्याने मिळते. बुधवारची सुट्टी टाकायला मॅनेजरला काय सांगायचं ते तुम्ही बघा. ११ मैलांत चढ बऱ्यापैकी आहेत, पाणी दोन बाटल्या घ्या, आणि एलायजा ऑलिव्हरच्या घराकडे जाणाऱ्या वाटेवर सायकल नेता येत नाही, म्हणून कुलूप सोबत ठेवा.